तीन अक्षरांची किंमत

‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ हे सहा शब्द मी बँकेतल्या नोकरीत किती लिलावांच्या नोटिशींखाली लिहिले असतील, याची गणती नाही. जप्त केलेला टेम्पो असो, बंद पडलेल्या कारखान्यातले यंत्र असो की कर्जदाराच्या आजोबांनी बांधलेला वाडा असो, या सहा शब्दांनी विकणाऱ्याची जबाबदारी संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय या गावी, मावसभावाच्या स्वयंपाकघरात बसून संगणकाच्या पडद्यावर मी हेच शब्द इंग्रजीत वाचले. फरक एवढाच की, या खेपेस मी नोटीस काढणाऱ्यांच्या बाजूला नव्हतो. बोली लावणाऱ्यांच्या बाजूला होतो.

घ्यायची होती एक मोटार. १९६७ सालची, उघड्या टपाची पॉन्टिॲक जीटीओ. घेणारे होते आमचे अण्णा. वय वर्षे एकोणऐंशी.

अण्णा १९६९ साली अमेरिकेत गेले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडले होते आणि आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई अशी की, परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर अवघे आठ डॉलर ठेवले जात. ते आठ डॉलर आणि मावशीने दिलेला मेतकुटाचा डबा घेऊन अण्णा डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात दाखल झाले. पहिल्याच आठवड्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर बसची वाट पाहत उभे असताना समोरून टप खाली केलेली एक हिरवी जीटीओ गेली. चालवणारा त्यांच्याच वयाचा. ‘‘गाडी दिसायच्या आधी आवाज आला,’’ अण्णा सांगतात, ‘‘आणि गाडी गेल्यावरसुद्धा तो पोटात वाजत राहिला.’’ पुढे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. ब्रेकच्या चाचण्या घेणे हे त्यांचे पस्तीस वर्षांचे काम. घर झाले, दोन मुली शिकल्या, त्यांची लग्ने झाली. दारात मोटारी आल्या त्या सगळ्या चार दारांच्या, शहाण्या आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या. हिरवी मोटार मात्र पोटात तशीच राहिली.

वहिनींचे म्हणणे सरळ होते. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, पैसे त्यांचे आहेत, करू देत खर्च. पण फसले, तर ते या वयात त्यांना झेपायचं नाही. तुम्ही बँकेत होतात. कागद बघा.’’

कागद बघण्याआधी वस्तू समजून घ्यावी लागते. या जातीच्या मोटारींना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. आपल्याकडे पैलवानी मोटार म्हणता येईल. कृती सोपी होती. मध्यम अंगाची मोटार घ्यायची, तिच्यात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुण माणसाच्या आवाक्यात ठेवायची. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा असा दंडक होता की, मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टिॲक या तिच्याच शाखेचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालासाठी ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले आणि कागदोपत्री ती नवी मोटार न दाखवता ‘ज्यादा दाम देऊन मिळणारी सोय’ दाखवली. नियमाला वळसा घालायची ही रीत कुठल्याही सरकारी बँकेतल्या माणसाला ओळखीची वाटेल. नाव घेतले इटलीच्या फेरारीकडून : जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. १९६७ साली इंजिन ४०० घनइंचांवर गेले, म्हणजे आपल्या आठ मारुती ८०० ची इंजिने एकत्र केली तर जेवढे होईल त्याहूनही थोडे मोठे. ताकद ३३५ अश्वशक्ती. त्या वर्षी उघड्या टपाच्या ९,५१७ जीटीओ तयार झाल्या. किंमत तीन हजार डॉलरच्या थोडी वर.

हे फार काळ टिकणारे नव्हते. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले, १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कायदा आला, १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि पैलवानांचा आखाडा बंद पडला. जनरल मोटर्सने २००९ साली दिवाळखोरीचा आश्रय घेतला आणि त्या पडझडीत पॉन्टिॲक हे नावच मोडीत निघाले. जे आता होणे नाही, त्याची किंमत चढते, हा बाजाराचा जुनाच न्याय.

पण १९६७ या सालाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच वर्षी जुलै महिन्यात याच डेट्रॉइट शहरात पोलिसांनी एका बेकायदा मद्यगृहावर छापा घातला आणि काळ्या वस्तीत पेटलेला वणवा पाच दिवस विझला नाही. ४३ माणसे मेली. १९५० साली साडेअठरा लाख लोकवस्तीचे हे शहर २०२० च्या जनगणनेत सहा लाख चाळीस हजारांवर आले होते. अण्णांनी दोन वर्षांनंतरची ती जळकी दुकाने पाहिली होती. मी विचारले तेव्हा क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘पाहिली ना. रोज बसमधून दिसायची. पण माणूस आठवण ठेवताना निवडून ठेवतो.’’ जुन्या मोटारींच्या बाजारात विकली जाते ती ही निवडलेली आठवण. दुकाने त्या किमतीत धरलेली नसतात.

आता बाजाराकडे येऊ. पूर्वी असा लिलाव बघायचा तर ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलसारख्या ठिकाणी जावे लागे. दरवर्षी जानेवारीत तिथे मोठी जत्रा भरते. १९९५ साली ईबे सुरू झाले आणि लिलाव घरात आला. पुढे केवळ जुन्या मोटारींचे लिलाव करणारी संकेतस्थळे निघाली. त्यांतले नामांकित ‘ब्रिंग अ ट्रेलर’ २००७ साली सुरू झाले ते इतरत्र विक्रीला असलेल्या चांगल्या गाड्यांची यादी म्हणून. स्वतःचे लिलाव त्याने २०१४ साली सुरू केले आणि २०२० साली हर्स्ट या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. आता रीत अशी रूढ झाली आहे : गाडी सुमारे आठवडाभर मांडलेली असते. शंभर-दोनशे छायाचित्रे, गाडीच्या पोटाखालचीसुद्धा. थंड इंजिन सुरू करतानाची चित्रफीत, कारण गरम इंजिन कुणाचेही सुरू होते. खाली कोणीही प्रश्न विचारावा आणि विकणाऱ्याने चारचौघांत उत्तर द्यावे. जिंकणाऱ्याकडून संकेतस्थळ साधारण पाच टक्के घेते. मोटार न पाहता, चालवून न बघता, हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाकडून लोक साठ-सत्तर हजार डॉलरची खरेदी करतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे घडायलाच नको होते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी साभार परत केला होता. २००१ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा विषय जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकेत खोडीच्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. मोटारीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मोटारींना मधली किंमत देऊ करतो. चांगली मोटार बाळगणारा म्हणतो, एवढ्याला मी देत नाही, आणि बाजारातून उठतो. लिंबूवाला खुशीने थांबतो. होता होता बाजारात लिंबेच उरतात. ॲकरलॉफ १९६७-६८ साली दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि या निबंधात आपला गावचा सावकारही आहे. सावकार भरमसाट व्याज घेतो आणि तरी बाहेरचा माणूस स्वस्त कर्ज घेऊन गावात आला की बुडतो, कारण चांगले ऋणको कोण हे फक्त सावकाराला माहीत असते. नवख्याच्या वाट्याला लिंबे येतात. ग्रामीण शाखेत नवीन साहेब म्हणून रुजू झालेल्या प्रत्येकाने हा निबंध स्वतःच्या अंगावर वाचलेला असतो.

मग हा संगणकावरचा बाजार चालतो कसा? उत्तर आम्हाला पहिल्या मोटारीने दिले.

ही मोटार अशा एका संकेतस्थळावर होती, जिथे कोणीही यावे आणि काहीही मांडावे. लाल रंग, जीटीओची तिन्ही अक्षरे ठसठशीत, बोनेटवर हवा घेणारे नाक, आत ४०० घनइंचांचे इंजिन. अण्णा हरखले. मी मात्र वहिनींना दिलेल्या शब्दाप्रमाणे कागद मागत होतो. अमेरिकेत मोटारींना सतरा खुणांचा एकसारखा क्रमांक १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. १९६७ च्या पॉन्टिॲकचा क्रमांक चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर असतो. दार उघडल्याशिवाय दिसत नाही. या मोटारीची ऐंशी छायाचित्रे होती आणि त्यांत त्या खांबाचे एकही नव्हते. मी अण्णांना विचारायला लावले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आणखी कुणीतरी विचारले, मग तिसऱ्याने. अखेरीस छायाचित्र आले. क्रमांक २३७६७ ने सुरू होत होता. खऱ्या जीटीओचा सुरू होतो २४२६७ ने. २३७ म्हणजे ल मान्स, जीटीओचेच साधे भावंड. अंगलट तीच, टप तोच, रंग तेच. आकाराने धाकटे इंजिन आणि ती तीन अक्षरे नाहीत. कुणीतरी ल मान्सला जीटीओचे कपडे चढवले होते.

विकणारा लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही ती तशीच विकली गेली असेल. पण वीस मिनिटांत खाली पन्नास माणसांनी लिहिले आणि बोली जागच्या जागी थिजली. ॲकरलॉफच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते एकट्या घेणाऱ्याला कळत नाही, पण हजार बघ्यांपैकी एखाद्याला कळते. मिशिगनमध्ये बसलेला एक निवृत्त फोरमन, टेक्ससमधला एक मिस्त्री, ओरेगनमधला कुणी शाळकरी वेडा. यांतल्या कुणालाही मोटार घ्यायची नसते. त्यांना फक्त बोलायचे असते. गावच्या बाजारात बैल घेताना आपण ओळखीचा जाणता माणूस सोबत नेतो. इथे असे जाणते आपणहून कट्ट्यावर येऊन बसतात. पॉन्टिॲकच्या बाबतीत जुन्या विक्रीपावत्यांच्या प्रती पैसे भरून मिळतात; त्यांत मोटार कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय होते, ते लिहिलेले असते. मोटारीचा हा सातबाराच. पण उतारा काढायचा असतो हे ज्याला सुचते, त्यालाच उताऱ्याचा उपयोग.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मोटारीचे नव्हते.

१९८९ साली सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मी होतो. थकलेल्या कर्जापोटी एक टेम्पो आम्ही ओढून आणला आणि लिलावाला काढला. मूल्यांकन करणाऱ्याने लेखी अहवालात किंमत दिली आणि चहा पिताना तोंडी सांगितले, ‘‘साहेब, चॅसिस तडकली आहे. वेल्डिंग करून वर रंग मारलाय.’’ मी नोटिशीत तडकलेली चॅसिस लिहिली नाही. लिहायची पद्धत नव्हती. मी लिहिले ते सहा शब्द. टेम्पो एका तरुण पोराने घेतला. द्राक्षाच्या पेट्या वाहायच्या म्हणून. सहा महिन्यांनी चॅसिस भर रस्त्यात मोडली. कुणी दगावले नाही, एवढेच नशीब. पोरगा शाखेत आला. भांडला नाही. माझ्या टेबलासमोर उभा राहून त्याने विचारले, ‘‘साहेब, तुम्हाला ठाऊक होतं का?’’ मी त्याला नोटीस दाखवली. ‘‘इथं लिहिलंय बघ, जशी आहे तशी.’’ तो वाचून निघून गेला. कायद्याने मी बरोबर होतो. वरिष्ठांनीही तसेच सांगितले. छत्तीस वर्षे झाली, त्याचा चेहरा आठवतो, नाव विसरलो.

आजही आपल्याकडे बँकांचे लिलाव चालतात, २००२ च्या कायद्याने ते वाढले आणि तेही आता संगणकावर आले. मालमत्तेवरचे ठाऊक असलेले बोजे नोटिशीत द्यावेत, असा नियम आहे. पण घर घेणाऱ्याला भिंतीतली ओल, शेजाऱ्याचा दावा, आत राहणारी म्हातारी, हे सारे स्वतःच शोधावे लागते. तिथे प्रश्न विचारायला कट्टा नाही.

असो. अण्णांच्या लिलावाकडे परत येतो. पंधरा दिवसांनी एक खरी जीटीओ आली. ॲरिझोनातली, तिकडची हवा कोरडी, पत्रा गंजत नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मोटारींना खालून खाते. क्रमांक जुळत होता, पावतीची प्रत होती, इंजिन मूळचे होते. रंग हिरवा. आम्ही मर्यादा ठरवली : सत्तर हजार डॉलर, म्हणजे सुमारे साठ लाख रुपये. मी ती कागदावर लिहून अण्णांची सही घेतली. सवय जात नाही.

हा आकडा कुठून येतो? मोटारीच्या उपयोगातून तर नाहीच. टंचाईवर पैसे लावणाऱ्यांची फजिती कशी होते, याचा एक दाखला या जातीच्या इतिहासातच आहे. १९७६ साली कॅडिलॅकने जाहीर केले की, आमची उघड्या टपाची एल्डोराडो ही अमेरिकेतली शेवटची. लोकांनी ज्यादा पैसे मोजून गाड्या घेतल्या आणि गुंतवणूक म्हणून झाकून ठेवल्या. १९८२ साली क्रायसलरने उघडा टप परत आणला, पुढे कॅडिलॅकनेही आणला आणि ‘शेवटची’ घेऊन बसलेले काही जण कोर्टात गेले. उलट टोकाला, १९७१ ची उघड्या टपाची हेमी कुडा. अशा जेमतेम डझनभर निघाल्या. त्यांतली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सुमारे २१ कोटी रुपये. एका बाजूला टंचाई जाहिरातीतली होती, दुसऱ्या बाजूला खरी.

व्याजाचा दर हेही एक कारण. महासाथीच्या काळात अमेरिकेत पैसा जवळजवळ फुकट होता आणि हौसेच्या वस्तूंचे भाव चढले. मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेण्यात आला, तशी या बाजाराची धग कमी झाली. आणि सर्वांत मोठे कारण वय. १९६७ साली जो सतरा वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तर ओलांडून गेला आहे. त्याच्या नातवाला नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या हव्या असतात. पंचवीस वर्षे झालेली परदेशी मोटार अमेरिकेत आणता येते, त्यामुळे त्यांची गर्दी आहे. आठवण वारसाहक्काने मिळत नाही. आपल्याकडे ज्यांनी चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला किंवा वर ‘ऑन’ दिला, त्यांना हे समजेल. त्यांच्या मुलांना समजणार नाही.

लिलावाच्या शेवटच्या रात्री आम्ही तिघे टेबलाशी बसलो. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबते, म्हणून लोक शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ साली यावर निबंध लिहिला आणि रॉथना पुढे वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले. आमच्या संकेतस्थळाची रीत निराळी होती. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. ‘एक वार, दोन वार’ म्हणायचे, पण तिसरे वार कधी येईल सांगता येत नाही. साठ, बासष्ट, सहासष्ट. अण्णांनी एकोणसत्तर टाकले. समोरून सत्तर आले.

मिरजेला मी दोन भावांना वडिलांच्या जप्त जीपवर एकमेकांविरुद्ध बोली लावताना पाहिले आहे. नव्या जीपच्या किमतीच्या वर गेले दोघे. जीप कुणालाच नको होती. दुसऱ्याला मिळू नये एवढेच हवे होते. लिलावात वस्तूची किंमत सगळा बाजार ठरवत नाही, शेवटचे दोन हट्टी ठरवतात, हे मी तेव्हापासून लोकांना सांगत आलो आहे. आणि त्या रात्री, अण्णांच्या खुर्चीमागे उभा राहून, मी म्हणालो, ‘‘अण्णा, एकाहत्तर टाका. आता सोडू नका.’’

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग टेबलावरचा सही केलेला कागद उचलून माझ्या हातात दिला. ‘‘तू बँकेत होतास ना रे?’’

जीटीओ साडेसत्त्याहत्तर हजारांना गेली. वहिनींनी न बोलता तिघांना कॉफी दिली.

ऑगस्टच्या सुरुवातीला अण्णांनीच तिसरी मोटार शोधली. शेजारच्या ओहायो राज्यात, टोलेडोजवळ, सव्वा तासाच्या अंतरावर. ल मान्स. उघड्या टपाची, १९६७ ची, ३२६ घनइंचांचे इंजिन. जीटीओ असल्याचा आव नाही. विकणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी मोटारीच्या दोषांची यादी दिली होती. एकूण एकवीस कलमे. मागच्या चाकावरच्या पत्र्याला गंज, त्यात भरलेली पुट्टी. मैल दाखवणाऱ्या यंत्रात पाचच आकडे, म्हणून खरे मैल अज्ञात. घड्याळ बंद. टप उघडताना अर्ध्यावर अडकतो, हाताने ढकलावा लागतो. प्रत्येक कलमाचे छायाचित्र. आणि सगळ्यात शेवटी तेच : जशी आहे तशी.

आम्ही बघायला गेलो. अण्णांनी फ्रिजवरचे लोहचुंबक खिशात घेतले होते. यादीत पुट्टी लिहिली होती तिथे ते चिकटले नाही; बाकी सगळीकडे चिकटले. मालकी हक्काचा कागद मी उलटसुलट पाहिला, कुणाचा बोजा नव्हता. लिलावात ती साडेएकोणतीस हजारांना अण्णांना मिळाली. त्याच कारखानदाराची, त्याच वर्षाची, त्याच अंगलटीची मोटार. हिरव्या जीटीओपेक्षा अठ्ठेचाळीस हजार डॉलरने स्वस्त. त्यातली काही किंमत इंजिनाची, काही कोरड्या पत्र्याची. उरलेली त्या तीन अक्षरांची.

पण मला राहून राहून ती एकवीस कलमे आठवतात. मी जे सहा शब्द तोंड बंद ठेवण्यासाठी वापरले, तेच त्या शिक्षकाने सगळे सांगून झाल्यावर वापरले. शब्द तेच, कायदा जवळपास तोच. टेम्पोच्या नोटिशीत एक ओळ मला जास्त लिहिता आली असती. पद्धत नव्हती, हे खरे. मनाईही नव्हती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या मोटारींची मिरवणूक असते. १९९५ पासूनचा प्रघात आहे. सकाळी वहिनी डोक्याला रुमाल बांधून पुढे बसल्या, मी मागे. अण्णांनी बटण दाबले. टप कुरकुरत वर उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. वहिनींनी काळजीने माझ्याकडे पाहिले.

‘‘यादीत आहे ते,’’ अण्णा म्हणाले, ‘‘कलम चौदा. मागून ढकल.’’

मी ढकलले.